परसातला शेवगा आणि अंगातले रक्त

मागच्या वर्षी पाचवा महिना लागलेली एक बाई दवाखान्यात आली. दोन पायऱ्या चढली तरी धाप, पापण्या आतून पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन भरले ७.४. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण शौचाला काळे होते म्हणून सासूबाईंनी बंद करायला लावल्या होत्या. बोलता बोलता कळले की परसात शेवगा आहे. शेंगा बाजारात जातात, पाला शेळीला. शेळी मात्र धडधाकट होती!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. लहान मुलांत तर हे प्रमाण आणखी जास्त. अशा वेळी परसबाग हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर घेवडा, आडाजवळ कढीलिंब असे. भाजी महागली की ताटातून प्रथम पालेभाजी जाते आणि तीही घरातल्या बाईच्या ताटातून. दारात वाढलेल्या भाजीला मोल पडत नाही, म्हणून ती तिच्याही वाट्याला येते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पालेभाजीतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. भाजीवर लिंबू पिळले, सोबत आवळा किंवा पेरू खाल्ला, तर शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. चहा तासाभराने घ्यावा. भाजी उकळून पाणी फेकू नये. थोड्या तेलाची फोडणी हवीच, कारण पाल्यातले 'अ' जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. पण हिमोग्लोबिन सातवर आलेल्या गरोदर बाईने भाजीच्या भरवशावर गोळ्या सोडणे हा जिवाशी खेळ आहे. गोळ्यांनी शौचास काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. इतर दिवशीही करायला हरकत नाही. शेवगा दारात अशुभ, हे मला पटत नाही. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, छपरापासून दूर लावला म्हणजे झाले. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र अळू व पालक बेताने खावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पालेभाज्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

परसात अनवाणी फिरू नये. जिथे उघड्यावर शौचास बसतात तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी तळपायातून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. भाजी खाऊन मिळवायचे आणि कृमींना द्यायचे, असा तो हिशेब होतो. संडासाचे पाणी वाफ्यात सोडू नये. कुंड्यांखालच्या ताटल्या व पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि घरच्या चार वांग्यांवर शेतातले औषध फवारू नये. किडकी वांगी काढून टाकावीत.

त्या बाईला गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जंताचे औषध दिले, सासूबाईंना समोर बसवून सारे समजावले. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.२ होते. पाला आता चुलीवर येतो. शेळीला देठ मिळतात, असे सासूबाईंनीच हसत सांगितले.