धातू द्रवरूप आहे तोवरच



छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादाचे नगर आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आपण रेल्वेने प्रवास करतो, तेव्हा गाडीखालचे रूळ पुष्कळदा भिलाईचेच असतात. पोलाद तयार करताना एक दंडक पाळावाच लागतो. धातू द्रवरूप असतानाच त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात. कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण पाहून जे उणे-अधिक असेल ते त्याच वेळी दुरुस्त करतात. तयार रुळाचीही परीक्षा होते; परंतु तेव्हा मोठा दोष आढळला तर तो रूळ बाजूला काढण्यावाचून गत्यंतर नसते.

आता आपल्या शाळांकडे पाहू या. वार्षिक परीक्षा म्हणजे थंड झालेल्या रुळाची परीक्षा होय. मुलाला भागाकार समजला नाही, हे आपल्याला वर्ष सरल्यावर कळते. पण रूळ बाजूला काढता येतो, मूल काढता येत नाही. ते न समजलेला भागाकार घेऊन पुढच्या वर्गात जाऊन बसते.

ही काल्पनिक भीती नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांची वाचनाची व गणिताची पातळी पाहणारी ‘असर’ ही पाहणी २००५ साली सुरू झाली. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला.

मग उपाय कोणता? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी १९९८ साली अनेक संशोधनांचा आढावा घेतला. शिकवणे चालू असतानाच मुलांची समज तपासावी आणि त्यानुसार शिकवणे बदलावे. त्याने संपादन वाढते, व मागे पडलेल्यांना त्याचा विशेष लाभ होतो, असे त्यांना दिसून आले.

शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, तास संपण्यापूर्वी दोन लहान प्रश्न सर्वांना वहीत सोडवावयास द्यावेत, ‘समजले का?’ असे विचारल्यास सगळी मुले ‘हो’ म्हणतात. दुसरी, चुकीवर केवळ लाल फुली न मारता ती कोठून उद्भवली हे मुलाला दाखवावे. तिसरी, मुलांना काही वेळ इयत्तेप्रमाणे नव्हे तर पातळीप्रमाणे गटांत बसवावे. १९९५ साली मुंबईत कार्य सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांत नेली आहे.

मुख्याध्यापकांचे कर्तव्य याहून कठीण आहे. त्यांनी कचेरी सोडून वर्गात बसावे. दोष काढण्यासाठी नव्हे, साहाय्यासाठी. शिक्षकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसून मुलांच्या वह्या पाहता येतील असा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा. भिलाईसारख्या नगरात देशाच्या अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. घरी मराठी, तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलणारे मूल शाळेत हिंदी वा इंग्रजीतून शिकते. त्याला गणित येत नाही की प्रश्नाची भाषा कळत नाही, हे आधी शोधावे. दोन्ही दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

शाळेचा निकाल नव्याण्णव टक्के लागला की आपण पेढे वाटतो. परंतु नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधास निघालेला मेंढपाळ आपल्या परिचयाचा आहे. उरलेला एक टक्का म्हणजे नाव असलेले एक मूल आहे. त्या मुलाला काय येते आणि कोठे अडते, हे जूनमध्येच विचारणारा कोणीतरी शाळेत असावा.

मननासाठी प्रश्न :
१. माझ्या वर्गातील सर्वांत गप्प मुलाला आज काय समजले, हे मला सांगता येईल काय?
२. मुख्याध्यापक या नात्याने मी गेल्या महिन्यात किती वेळा वर्गात बसलो?
३. पालक या नात्याने मी गुण विचारतो, की काय अडले ते विचारतो?