परभक्षी कोळ्याची भूक व तिचे महत्त्व

पिकाचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांवर उपजीविका करणारा फायटोसियुलस पर्सिमिलिस हा कोळी हरितगृहधारकांचा मित्र होय. चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर तो १९५८ साली जर्मनीत आढळला. त्याचे भक्षण भुकेवर अवलंबून असते. भुकेला कोळी भक्ष्याचा रस पूर्णपणे शोषतो. तृप्त कोळी क्वचितच हल्ला करतो व भक्ष्य अर्धवट टाकून देतो. परंतु उपासमार लांबल्यास मादीचे अंडी घालणे थांबते व स्वजातीची पिलेही खाल्ली जातात. म्हणून शेतकरी बंधूंनी हे कोळी आणून साठवून ठेवू नयेत. पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी दिसू लागताच ते सोडावेत. निर्मळ पिकावर सोडल्यास ते उपाशी मरतात अथवा अन्यत्र निघून जातात.