बालकल्याण चौकशी आणि आईबापांचे हक्क

मूल आईबापांचे असते, तसेच ते समाजाचेही असते, हा विचार आपल्याकडे कायद्यात उतरला त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. मुंबई प्रांतात १९२४ साली बालकांविषयीचा अधिनियम झाला आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आज सर्व देशाला लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. मुलाच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेने घराच्या उंबरठ्यापर्यंत यावे, हे या कायद्याला मान्य आहे. परंतु तिने तेथे कसे वागावे, याचेही नियम आहेत. हे नियम ठाऊक नसले की गरीब माणूस भीतीपोटी एक तर दार लावून घेतो, किंवा पुढे केलेल्या कागदावर निमूटपणे अंगठा उठवितो. दोन्हींत त्याचेच नुकसान होते.

पहिली गोष्ट अशी की, घरी येणारा बालकल्याण अधिकारी किंवा समाजकार्यकर्ता मुलाविषयी अंतिम निर्णय करीत नाही. तो चौकशी करून अहवाल देतो. निर्णय बालकल्याण समितीचा असतो. एक अध्यक्ष व चार सदस्य अशी तिची रचना असून सदस्यांत निदान एक स्त्री असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. म्हणून आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहणे, ती कोणाच्या आदेशाने आली आहे आणि तक्रार कोणत्या स्वरूपाची आहे हे विचारणे, यात उद्धटपणा काही नाही.

समित्या जिल्हावार असतात. चंदीगडच्या सेक्टरांचे क्रमांक शहराची हद्द ओलांडून पुढे चालू राहतात. सेक्टर ६७ पंजाबातील मोहालीत, म्हणजे साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यात येतो. तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा संबंध चंदीगडच्या नव्हे, तर त्या जिल्ह्याच्या समितीशी येईल. हक्क मात्र पुण्यात किंवा परभणीत असतात तेच राहतील.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. चौकशी करणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. घराची झडती घेणे हा निराळा अधिकार असून तो पोलिसांचा व दंडाधिकाऱ्यांचा आहे, आणि त्याची रीत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने ठरविली आहे. तथापि मुलाच्या जिवाला धोका आहे असे दिसल्यास पोलीस थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. शांतपणे उत्तरे देणे, घरातील स्थिती दाखविणे आणि न वाचलेल्या कागदावर सही न करणे, हेच सामान्यतः हिताचे ठरते.

मूल ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. निष्पक्ष सुनावणी हे त्याचे एक मूलतत्त्व आहे. तेव्हा समितीपुढे आपली बाजू मांडण्याची संधी आईबापांनी आग्रहाने मागावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

सर्वांत नाजूक प्रश्न दारिद्र्याचा आहे. समजा, एक विधवा सकाळी धुणीभांडी करायला जाते आणि चार वर्षांच्या मुलीला शेजारणीच्या भरवशावर ठेवते. यास हेळसांड म्हणावे काय? २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे की, केवळ आर्थिक दारिद्र्य हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही. ते कुटुंबाला मदतीची गरज असल्याचे लक्षण मानावे. आपल्या कायद्यातही संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. म्हणून अशा आईने ‘माझी मुलगी घ्या’ असे न म्हणता ‘तिला सांभाळण्यासाठी मदत द्या’ असे म्हणावे. अधिनियमात प्रायोजकत्वाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनाही याच हेतूची आहे. अगतिक होऊन मुलाचा त्याग केलाच, तर फेरविचारासाठी आईबापांना दोन महिन्यांची मुदत असते.

आदेश अन्यायाचा वाटल्यास सामान्यतः तीस दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येते. समितीच्या कामकाजाविषयीची तक्रार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नेता येते. मात्र हे सर्व हक्क मुलाच्या हितासाठी आहेत, त्याला मारझोड करणाऱ्याला आडोसा म्हणून नाहीत. मुलावर क्रूरता करणे हा याच अधिनियमाखाली शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे, आणि तो करणारे आईबाप असले तरी कायदा त्यांना सोडीत नाही.