चट्टेरी कुत्र्यांची पैदास : रंगामागील धोका

केवळ रंग पाहून वळू निवडणारा शेतकरी पुढे पस्तावतो, हे सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसही हाच न्याय लागू पडतो. डॅशहाउंड ही आखूड पायांची, लांब अंगाची लहान जात मूळची जर्मनीतील असून आपल्याकडेही ती हौसेने पाळली जाते. तीतील काही कुत्र्यांच्या काळ्या वा तपकिरी अंगावर फिकट रंगाचे चट्टे विखुरलेले असतात. या रंगास 'डॅपल' आणि इतर जातींत 'मर्ल' असे म्हणतात. तो आकर्षक दिसतो, म्हणून पिले चट्टेरीच व्हावीत या आशेने नर व मादी दोन्ही चट्टेरी निवडण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा.

रंग कसा उतरतो?

प्रत्येक पिलास या गुणाची दोन जनुके मिळतात. एक नराकडून व एक मादीकडून. मर्लचे जनुक एकच मिळाले तरी चट्टे उमटतात. पीमेल नावाच्या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा शिरल्याने हा रंग येतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

एकेरी चट्टेरी व एकरंगी अशी जोडी लावल्यास सरासरीने निम्मी पिले चट्टेरी व निम्मी एकरंगी होतात. दोन्ही एकेरी चट्टेरी असल्यास सरासरीने चार पिलांपैकी एक एकरंगी, दोन चट्टेरी व एक 'दुहेरी मर्ल' निपजते.

अपाय कोणता?

रंगपेशींचे कार्य केवळ केसांपुरते नसते. आतील कानासही त्यांची गरज असते. दुहेरी मर्ल पिलाच्या अंगावर बहुधा पांढरा रंग फार असतो. अशी अनेक पिले बहिरी निघतात. काहींचे डोळे लहान वा विकृत असतात, तर काही आंधळी असतात.

मर्लचा परिणाम काळ्या व तपकिरी रंगद्रव्यावर होतो. तांबड्या वा मलई रंगाच्या केसांवर चट्टे अस्पष्ट राहतात किंवा दिसतही नाहीत. म्हणून केवळ डोळ्यांनी केलेली पारख पुरेशी नाही.

पाळावयाची पथ्ये

१. चट्टेरी कुत्र्याची जोडी मर्ल नसलेल्या कुत्र्याशीच लावावी.
२. आई-बापांच्या रंगाची वेतवार नोंद ठेवावी. शंका असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डीएनए तपासणी करून घ्यावी.
३. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीचे केंद्र शासनाचे २०१७ चे नियम वाचावेत. त्यांनुसार पैदासकाराची नोंदणी आवश्यक आहे. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिची पैदास करू नये आणि ८ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये.
४. दुहेरी मर्ल पिलू जन्मल्यास त्यास टाकून देऊ नये. बहिरे कुत्रे हातांच्या खुणा उत्तम शिकते. मात्र त्याची नसबंदी करावी.

ग्रामसेवकांनी ही माहिती कुत्री पाळणाऱ्यांस समजावून सांगावी. रंगाच्या हौसेची किंमत मुक्या जिवास आयुष्यभर मोजावी लागू नये.