श्रवणयंत्र : जोडणी आणि जुळवणी

ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला श्रवणयंत्र मिळाले म्हणजे तिचा प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात कित्येक घरांत हे यंत्र पेटीत पडून राहते. ते कर्कश वाटते, त्यातून शिट्टी वाजते, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, अशा तक्रारी असतात. त्यांचे मूळ अनेकदा यंत्रात नसून अपुऱ्या जुळवणीत असते.

बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. 'स', 'श' यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. वार्धक्यात किंवा सततच्या गोंगाटामुळे होणाऱ्या बधिरत्वात प्रथम उंच पट्टीची श्रवणशक्ती घटते. त्यामुळे 'सात' आणि 'हात' यांतील भेद उमगत नाही. शिवाय आंतरकर्णातील केशपेशी दुबळ्या झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा आवाज मात्र असह्य होतो. म्हणून सर्वच ध्वनी सरसकट वाढवून भागत नाही. ज्या पट्टीत जशी उणीव, त्यानुसार भर घालावी लागते.

यासाठी पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. कानात मळ, पू किंवा पडद्याला छिद्र असल्यास आधी उपचार झाले पाहिजेत. त्यानंतर २५० ते ८,००० हर्ट्‌झ या पट्ट्यांत प्रत्येक कानाची स्वतंत्र चाचणी घेऊन श्रवणालेख काढला जातो. मग कानाचे माप घेऊन साचा तयार करतात. साचा सैल असल्यास वाढवलेला आवाज बाहेर निसटून पुन्हा यंत्रात शिरतो व शिट्टी वाजते. अशा वेळी आवाज कमी करणे हा खरा उपाय नव्हे. साचा बदलणे किंवा मळ काढणे हाच होय. मुलांचे कान वाढत असल्याने त्यांचे साचे वेळोवेळी नव्याने करावे लागतात.

चौथी पायरी जुळवणीची. श्रवणतज्ज्ञ श्रवणालेखानुसार संगणकावर यंत्र बसवून देतो. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ पोहोचणारा ध्वनी मोजता येतो. हळू बोलणे ऐकू यावे, नेहमीचे बोलणे सुखद वाटावे व मोठा आवाज असह्य होऊ नये, ही कसोटी असते. मेंदूला नव्या ध्वनींची सवय होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आरंभी यंत्र घरातील शांत वातावरणात वापरावे, हळूहळू वेळ वाढवावा आणि फेरजुळवणीसाठी पुन्हा जावे.

बालकांच्या बाबतीत विलंब परवडणारा नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार, हे सूत्र जगभर मान्य आहे. कारण ऐकल्यावाचून बोली येत नाही.

शिक्षकांना दररोज एक सोपी चाचणी घेता येईल. तोंडापुढे कागद धरून, साधारण एक मीटर अंतरावरून, 'आ, ऊ, ई, म्, श्, स्' हे ध्वनी नेहमीच्या आवाजात एकेक करून उच्चारावेत व विद्यार्थ्याने ते परत म्हणावेत. काल ऐकू आलेला ध्वनी आज न आल्यास सेल, नळी व साचा तपासावा. पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या साहाय्यक उपकरण योजनेखाली पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रे मिळतात. १९८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी करतात.

तथापि वाटपानंतरचे काम गावातच व्हावयाचे असते. यंत्र कोणास मिळाले, साचा केव्हा केला, फेरजुळवणी झाली की नाही आणि सेल कोठे मिळतात, एवढी नोंद ग्रामपंचायतीने ठेवली व वर्षातून दोनदा तपासली, तर पेटीत पडलेली यंत्रे पुन्हा कानावर येतील.