सेलोच्या पोटातला लांडगा

सेलो म्हटलं की हॉस्टेलमध्ये आधी पाण्याची बाटली आठवते, नाहीतर पेन. पण मित्रांनो, या लेखातला सेलो वेगळा आहे. हे एक वाद्य आहे. व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण अंगाने एवढं मोठं की खांद्यावर मावत नाही. खुर्चीवर बसायचं, वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये धरायचं, खालची टोकदार दांडी जमिनीला टेकवायची आणि गज फिरवायचा. जुन्या हिंदी गाण्यांत व्हायोलिनच्या ताफ्याखालून एक जाड, माणसाच्या गळ्यासारखा आवाज सरकत जातो ना, तो बरेचदा सेलोचा असतो.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात सेलो कशाला, असं कोणीही विचारेल. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, व्हायब्रेशनच्या पेपरसाठी आपण जो रेझोनन्स पाठ करतो, तो या वाद्यात कानांनी ऐकू येतो. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. सेलोच्या एका प्रसिद्ध खोडीचं कोडं उलगडणाऱ्यांमध्ये एक माणूस असा होता, जो १९१० साली आपल्या नागपुरात सरकारी नोकरीला होता. त्याचं नाव पुढे येईलच.

चार तारा आणि एक गज

सेलोला चार तारा. सगळ्यात जाड तार 'सी', साधारण ६५ हर्ट्झ. मग 'जी' ९८, 'डी' १४७ आणि 'ए' २२०. कॅल्क्युलेटर काढून बघा, प्रत्येक तार खालच्या तारेच्या दीडपट आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या तारेला सा धरलं, की वरची तार तिचा पंचम.

गजाला घोड्याचे केस असतात आणि त्यांना राळ लावलेली असते. राळेमुळे केस तारेला चिकटतात, तिला ओढत नेतात. ताण वाढला की तार निसटते, मागे जाते आणि पुन्हा चिकटते. चिकटणं आणि निसटणं. फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा हेच होतं. मेसमधल्या काचेच्या ग्लासच्या कडेवर ओलं बोट फिरवलं की हेच होतं. फरक एवढाच, की चांगल्या वादकाच्या हातात हे अगदी शिस्तीत चालतं : 'सी' तारेवर सेकंदाला ६५ वेळा, प्रत्येक चक्रात एकदाच निसटणं. गजाखाली तार नेमकी कशी हलते हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. आपल्याला वाटतं तार कमानीसारखी वाकते. प्रत्यक्षात ती दोन सरळ रेषांत असते, आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून गोल गोल पळत असतो.

साइजचा घोळ

आता इथे एक डिझाइनचा प्रश्न आहे. सेलोचा सूर व्हायोलिनपेक्षा एक सप्तक आणि वर एक पंचम एवढा खाली आहे. म्हणजे फ्रिक्वेन्सी एक तृतीयांश. मग सरळ हिशोबाने वाद्य तिप्पट मोठं हवं. व्हायोलिनचं पोट साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे सेलोचं मीटरभरापेक्षा जास्त व्हायला पाहिजे. पण एवढं वाद्य धरणार कोण आणि बोटं पोचणार कुठे? म्हणून कारागिरांनी मध्यम मार्ग काढला. सेलोचं पोट साधारण ७५ सेंटिमीटरवरच थांबवलं, आणि आवाज खाली यावा म्हणून पोटाच्या बाजू जास्त खोल केल्या, घोडी उंच केली, लाकडी पाट्या आकाराच्या मानाने पातळ ठेवल्या.

या तडजोडीतून तो गळ्यासारखा आवाज आला. त्याच तडजोडीतून लांडगाही आला.

लांडगा म्हणजे काय?

प्रत्येक सेलोच्या लाकडी अंगाची स्वतःची एक ठळक फ्रिक्वेन्सी असते, बहुधा १६५ ते १८५ हर्ट्झच्या आसपास. वादकाने नेमका तोच सूर वाजवला की रेझोनन्स होतो. पुस्तकाप्रमाणे आवाज फक्त मोठा व्हायला हवा. पण इथे तार आणि लाकूड घोडीमुळे एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत, आपल्या सिलॅबसमधल्या कपल्ड सिस्टिमसारखे. लाकूड जोरात हलायला लागतं आणि तारेची एनर्जी खाऊन टाकतं. घोडीच हलते म्हटल्यावर गजाला तार धरून ठेवणं अवघड जातं. तार एका चक्रात एकदा निसटण्याऐवजी दोनदा निसटते, म्हणजे सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. आता लाकडाला त्याच्या फ्रिक्वेन्सीचा धक्का मिळत नाही, ते शांत होतं. ते शांत झालं की तार पुन्हा मूळ सुरावर येते. की लाकूड पुन्हा जागं! हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं आणि सुंदर सुराच्या जागी एक थरथरतं, गुरगुरतं ओरडणं ऐकू येतं. युरोपातल्या वादकांनी याचं नाव ठेवलं लांडगा-सूर, 'वुल्फ नोट'.

नागपूरची बदली

हा माणूस म्हणजे सर सी. व्ही. रमण. गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. पण रमण स्वतः या शहरात राहून गेले हे माझ्या रूममेट्सपैकी एकालाही माहीत नव्हतं. ते तेव्हा भारत सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. १९०७ साली कलकत्त्यात रुजू झाले, १९०९ साली रंगूनला बदली, १९१० साली नागपूरला, १९११ साली परत कलकत्त्याला. नागपुरात आले तेव्हा वय २१-२२. आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं!

घरात संगीत होतंच, वडील व्हायोलिन वाजवत. कलकत्त्यात रमण दिवसा ऑफिसात हिशोब बघायचे आणि ऑफिसच्या आधी-नंतर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत तारांवर प्रयोग करायचे. लांडग्यावरचं काम तिथलंच, नागपुरातलं नाही. त्यांनी तारेची हालचाल आणि वाद्याच्या पोटाची हालचाल एकाच वेळी फोटोवर टिपली. एक वाढताना दुसरी कशी मोडते, हे त्या दोन रेषांत शेजारी शेजारी दिसलं. १९१६ साली व्हायोलिन आणि सेलोच्या लांडगा-सुरावरचं त्यांचं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं. १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. मधेच, १९१७ साली, त्यांनी जास्त पगाराची सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी धरली होती. नोबेल मिळालं ते १९३० साली, प्रकाशावरच्या कामासाठी. पण त्याआधी जगात त्यांची ओळख होती ती तारा आणि वाद्यांचा अभ्यासक म्हणून.

लांडग्याला मारायचं का?

आपण इंजिनिअर, म्हणजे लगेच डॅम्पिंग सुचवणार. तसे उपाय आहेतही. घोडीच्या मागच्या तारेच्या तुकड्यावर पितळेची छोटी नळी बसवतात आणि सरकवून सरकवून तिची जागा शोधतात. उंच इमारतींत वाऱ्यासाठी जो ट्यून्ड मास डॅम्पर लावतात, त्याचाच हा लहान भाऊ. काही वादक तो सूर आला की गुडघ्यांनी वाद्य किंचित दाबतात, किंवा तोच सूर दुसऱ्या तारेवर घेतात.

पण कोणीही लांडगा मुळापासून उपटायला जात नाही. कारण ज्या रेझोनन्समुळे तो गुरगुरतो, त्याच रेझोनन्समुळे आजूबाजूचे सगळे सूर भरदार लागतात. पाट्या जाड करा, लांडगा जाईल आणि सेलो मुका होईल. चांगल्या, मोकळ्या बोलणाऱ्या वाद्यात लांडगा असायचाच असं वादक मानतात. दोष काढायचा म्हणजे किती काढायचा, हे ठरवणं हीच खरी कारागिरी. मला वाटतं, हे वाक्य मशिन डिझाइनच्या वहीतही लिहून ठेवायला हरकत नाही.

मग ऐकायचं काय?

आधी एक सूचना. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून ६५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. साधा हेडफोन चालेल.

सुरुवात फ्रेंच संगीतकार सँ-साँसच्या 'स्वान'पासून करा (१८८६). तीन मिनिटांची सरळ, गाता येईल अशी धून.

मग बाख. साधारण १७२०च्या सुमारास या जर्मन संगीतकाराने एकट्या सेलोसाठी सहा सुइट लिहिले. सुइट म्हणजे आधी एक प्रस्तावना आणि मग वेगवेगळ्या नाचांच्या चाली. बाखच्या हातची प्रत हरवली. आज आपल्याकडे आहे ती त्याची बायको आना माग्दालेना हिने उतरवून ठेवलेली नक्कल. पुढे दीडशे वर्षं लोक हे सुइट म्हणजे रियाजाचे धडे समजत. १८९० साली पाब्लो कासाल्स नावाच्या १३ वर्षांच्या मुलाला बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची छापील प्रत सापडली. तो बारा वर्षं घरी घासत बसला, मगच लोकांसमोर वाजवलं. पहिल्या सुइटची प्रस्तावना ऐका. सुरुवातीला प्रत्येक आवर्तनात खालचा 'जी' तानपुऱ्याच्या खर्जासारखा परत परत येतो. वाद्य एकच, साथीला कोणी नाही, तरी दोन-तीन जण वाजवतायत असं वाटतं. मग पाचव्या सुइटमधला साराबांद ऐका. तिथे सगळं काढून टाकलंय, एका वेळी फक्त एकच सूर.

शेवटी एल्गारचा सेलो कन्चेर्तो, पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली लिहिलेला. जॅकलिन द्यु प्रे हिचं १९६५ सालचं रेकॉर्डिंग शोधा. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसने तिची बोटं गेली आणि १९७३ साली वादन थांबलं. १९६९ साली लंडनमध्ये शूबर्टचं 'ट्राउट' पंचक वाजवताना तिच्याबरोबर डबल बास धरून उभा होता आपला मुंबईकर झुबिन मेहता. त्या मैफिलीची फिल्म आहे, पाचही जण काय मजेत वाजवतात ते बघाच.

आणि 'हे सगळं परकं आहे' असं वाटलं तर सास्किया राव-द हास यांना ऐका. त्यांनी सेलोला तरफा बसवून घेतल्या आणि त्यावर राग वाजवतात.

ऐकताना मधेच एखादा सूर क्षणभर जाडसर झाला, थरथरला, आणि वादकाने तो हळूच सावरला, तर दचकू नका. तो लांडगाच असू शकतो. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका हिशोबनीसाने ऑफिस सुटल्यावर ज्याचा फोटो काढला, तोच.