सुईचा काय दोष?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ कडे सरकला की आमच्या रूममधल्या छोट्या माठाला भारी मान मिळतो. ओल्या वाळूवर ठेवलेल्या त्या माठात पाणी नसतं, माझ्या रूमपार्टनरचं इन्सुलिन असतं.

तो धुळ्याचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. यालाही शाळेत लस टोचली. जानेवारीत सारखी तहान, रात्री चारदा लघवी, वजन निम्मं झाल्यासारखं... शुगर निघाली. आजींनी निकाल दिला, “त्या सुईमुयेच झायं!” मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो, तर याच भीतीपोटी ताईच्या नऊ महिन्यांच्या बाळाची लस थांबवलेली. मग आम्ही दोघं वाचायला बसलो.

मित्रांनो, टाइप वन मधुमेह गोड खाऊन होत नाही (मेसची जिलबी निर्दोष आहे!). शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. हे लक्षणांच्या कित्येक महिने, बऱ्याचदा काही वर्षं आधी सुरू झालेलं असतं. रक्तात तशा अँटिबॉडीज सापडतात. वायर आतून कधीची जळत होती, फ्यूज उडाला तेव्हा दारात उभा असलेल्यावर आळ आला. डेन्मार्कमध्ये सात लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००४ साली निष्कर्ष आला : बालपणीच्या लसींचा या मधुमेहाशी संबंध दिसत नाही.

संशय आहे तो विषाणूंवर. कॉक्सॅकी बी वगैरे एंटेरोव्हायरस ज्या मुलांच्या पोटात बराच काळ टिकले, त्यांच्यात बीटा पेशींवर हल्ला जास्त वेळा सुरू झाला, असं २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. अर्थात जनुकांचाही वाटा असतोच. आणि गंमत बघा, आईच्या पोटात असतानाच रुबेला झालेल्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणजे आळ आला तो नेमका रुबेलाला अडवणाऱ्या लसीवर! ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये रोटाव्हायरसची लस आल्यावर चार वर्षांपर्यंतच्या मुलांत टाइप वन सुमारे १४ टक्क्यांनी घटला. फिनलंडमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, तेव्हा त्यावर पैज लावू नये.

हे सगळं फोनवर सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मना नातूलेच काबर झायं?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात ताई बाळाला घेऊन दवाखान्यात गेली, आणि लसीचं कार्ड आजींनीच धरलं होतं म्हणे.